इंग्रजीतील ‘लूट’ आणि बनारसचा राजा

‘दुकाने लुटली’ हे सांगण्यासाठी इंग्रजी वृत्तपत्रे वापरतात ते ‘लूट’ हे क्रियापद मूळचे भारतीय आहे. हिंदी, मराठीतील ‘लूट’ हा शब्द संस्कृत ‘लुण्ट्’ या धातूशी जोडला जातो. ‘लुप्’पासून झालेल्या ‘लोप्त्र’ या शब्दाकडेही काही कोशकारांनी बोट दाखविले आहे.

हा शब्द 1788 मध्ये लंडनच्या जॉन स्टॉकडेल यांनी छापलेल्या भारतीय शब्दांच्या छोट्या कोशात आढळतो. कोशाला महाभियोगाच्या कार्यपद्धतीची माहिती जोडली होती, कारण त्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्जवरील खटला सुरू झाला होता. सुनावणीस आलेला पहिला आरोप बनारसचा, म्हणजे आजच्या वाराणसीचा होता.

मराठे आणि हैदरअली यांच्याशी चाललेल्या युद्धांमुळे कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. ठरलेल्या खंडणीखेरीज अधिक रकमेचा तगादा लावून हेस्टिंग्जने ऑगस्ट 1781 मध्ये राजा चेतसिंहाला शिवाला घाटावरील वाड्यात अटकेत ठेवले. लोक खवळले, पहाऱ्यावरील शिपाई मारले गेले, राजा निसटला आणि खुद्द हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. पुढे मेजर पॉपहॅमच्या फौजेने राजाचा विजयगड घेतला आणि तेथील खजिना आपसांत वाटून टाकला. ज्या पैशासाठी हे सारे घडले, तो कंपनीला मिळालाच नाही! चेतसिंहाला महादजी शिंदे यांनी आश्रय दिला. 1810 मध्ये ग्वाल्हेर येथे त्याचे निधन झाले. हेस्टिंग्ज 1795 मध्ये निर्दोष सुटला.

इंग्रजीत हा शब्द आधी नाम म्हणून आला. क्रियापद एकोणिसाव्या शतकात रुळले. पहिले चीन युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि 1857चा उठाव यांतून तो इंग्लंडमध्ये सर्वतोमुखी झाल्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा 1886चा कोश नोंदवितो. 1860 मध्ये पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्यातून आणलेल्या आणि व्हिक्टोरिया राणीला भेट दिलेल्या कुत्रीचे नाव तर ‘लूटी’च होते.

इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ बळजबरीने माल नेणे एवढाच राहिला. बोलीभाषेत नामाला केवळ ‘पैसा’ असाही अर्थ आला. मराठी ‘लुटणे’ मात्र कितीतरी ऐसपैस आहे. मजा लुटली जाते, दसऱ्याला सोने लुटले जाते आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी वाण ‘लुटतात’ तेव्हा त्या काही घेत नसून देत असतात. ही अर्थच्छटा इंग्रजांनी नेली नाही.