बेट एवढंसं, राजकारण केवढं!

माझा प्रांत कवितेचा. परराष्ट्र धोरण दिल्लीत बसलेली जाणकार मंडळी नकाशे पुढं ठेवून ठरवतात, असंच मला वाटायचं. पण कच्चातिवू या बेटाची हकिकत वाचली आणि ध्यानात आलं, की समुद्रातल्या सीमेचा वाद पुष्कळदा घरातल्या राजकारणावरच तापतो किंवा निवतो.

रामेश्वरमपासून सुमारे ३३ किलोमीटरवर, पाल्कच्या सामुद्रधुनीत हे २८५ एकरांचं बेट आहे. वस्ती नाही, प्यायला गोडं पाणी नाही. सेंट अँथनीचं चर्च तेवढं आहे. त्याच्या वार्षिक यात्रेला भारतातले आणि श्रीलंकेतले तमिळ मच्छीमार एकत्र येतात. बेट रामनाडच्या जमीनदारीतलं, असा आपल्याकडचा दावा होता. श्रीलंका आपले जुने दाखले पुढं करत होती.

जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला आणि बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेलं. शेजाऱ्याशी सलोखा दिल्लीला मोलाचा वाटला. भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना बेटावर पूर्वीसारखं जाता येईल, असं कलम करारात घातलं गेलं. तमिळनाडूत तेव्हा करुणानिधींचं सरकार होतं. विधानसभेनं कराराविरुद्ध ठराव केला. मात्र बोलणी चालू असताना करुणानिधींना विश्वासात घेतलं होतं, असं २०२४ मध्ये उजेडात आलेली कागदपत्रं सांगतात. म्हणजे बंद दाराआड एक आणि लोकांसमोर दुसरं! हे काही एकाच पक्षाचं वैशिष्ट्य नव्हे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. ३१ जानेवारी १९७६ रोजी, आणीबाणीत, करुणानिधींचं सरकार बरखास्त झालं. त्याच वर्षी २३ मार्चला दुसरा करार झाला. त्यासोबतच्या पत्रांनुसार दोन्ही देशांच्या मच्छीमारांना एकमेकांच्या पाण्यात मासेमारी बंद झाली. कन्याकुमारीजवळचा वाड्ज बँक हा माशांनी समृद्ध पट्टा भारताकडे आला. सौदा अगदीच तोट्याचा नव्हता. पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांच्या वतीनं बोलायला राज्यात निवडून आलेलं सरकारच नव्हतं. ही सल तमिळनाडूत राहून गेली.

१९९१ मध्ये जयललितांच्या काळात विधानसभेनं बेट परत मागितलं. २००८ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केंद्रात सरकार कुणाचंही असो, न्यायालयातलं उत्तर साधारण एकच होतं, प्रश्न मिटलेला आहे. आणि निवडणूक आली, की तोच प्रश्न पुन्हा उघडा! २०२४ च्या लोकसभा प्रचारात पंतप्रधान मोदींनी काँग्रेसवर बेट देऊन टाकल्याचा आरोप केला. श्रीलंकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, हा विषय पन्नास वर्षांपूर्वीच संपला, असं सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अभिनेते विजय यांनी मदुराईच्या सभेत बेटाची मागणी केली. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी श्रीलंकेचे अध्यक्ष दिसानायके स्वतः बेटावर जाऊन आले. राजकारण तिकडेही आहेच की!

या गदारोळात एक गोष्ट मागं पडते. यादवी युद्धाच्या काळात उत्तर श्रीलंकेतल्या तमिळ मच्छीमारांना समुद्रात जायला कडक बंधनं होती. तेव्हा आपल्याकडचे ट्रॉलर पार त्यांच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ लागले. २००९ मध्ये युद्ध संपलं, जाफन्याचा कोळी पुन्हा होडी घेऊन निघाला, तर त्याची जाळी ट्रॉलरखाली फाटू लागली. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या या मासेमारीवर श्रीलंकेनं २०१७ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी भारतानं ट्रॉलर सोडून खोल समुद्रात जाण्यासाठी अनुदानाची योजना आणली. तिला अपेक्षित वेग आला नाही.

म्हणून मला वाटतं, उद्या बेट परत मिळालं तरी अटका थांबणार नाहीत, कारण ट्रॉलर बेटाच्या पलीकडे जातात. पण ट्रॉलर आवरा, असं आपल्याच मतदाराला सांगणं कठीण आणि बेट परत आणू, असं म्हणणं सोपं. तुरुंगात पडतो तो रामेश्वरमचा खलाशी आणि रिकाम्या जाळ्यानं परततो तो जाफन्याचा कोळी. दोघांची भाषा एक, यात्राही एकच. त्या दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढणं हेच खरं परराष्ट्र धोरण ठरेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)