विनोदी नटाची जागा : लक्ष्मण देशपांडे आणि मराठवाडी बोलीचे स्थानांतर

१

मराठी नाट्यसमीक्षेने विनोदाचा विचार पुष्कळ केला. विनोदी नटाचा मात्र अभावानेच केला. स्वभावनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि शब्दनिष्ठ विनोदाची वर्गवारी आपल्या परिचयाची आहे. परंतु ज्याच्या देहातून आणि उच्चारातून हा विनोद प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो, तो नट आठवणींच्या आणि मृत्युलेखांच्या हवाली केला जातो. संहिता टिकते, नट टिकत नाही, एवढेच याचे कारण नाही. विनोदी चरित्रनटाला नाटकाच्या रचनेतच दुय्यम जागा दिलेली असते आणि समीक्षा त्या रचनेचे नकळत अनुकरण करते.

ही दुय्यमता भाषेशी निगडित आहे. संस्कृत नाटकात नायक संस्कृत बोलतो; बहुतेक स्त्रिया, सेवक आणि विदूषक प्राकृत बोलतात. विदूषक हा सामान्यतः ब्राह्मण असूनही त्याच्या वाट्याला संस्कृत येत नाही, ही बाब सूचक आहे. हसविणाऱ्याचे स्थान वर्णाने नव्हे, तर भाषेने ठरत होते. आधुनिक मराठी नाटकात ही उतरंड वेगळ्या रूपात अवतरली. नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलू लागली आणि गडी, मोलकरीण, पोलीस, खेड्यातला पाहुणा यांच्याकडे बोली आली. रंगमंचावर बोली उमटली की प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसतो, हा संकेत त्यातून रूढ झाला. लक्ष्मण देशपांडे यांच्या कारकिर्दीचे महत्त्व या संकेताच्या संदर्भात तपासावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा आणि मृत्यू २२ फेब्रुवारी २००९ चा. तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही त्यांची कर्मभूमी. तेथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते प्राध्यापक आणि पुढे प्रमुख होते. त्यांचे नाव ज्या प्रयोगाशी कायमचे जोडले गेले, तो ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस रंगभूमीवर आला. शीर्षकातील ‘वऱ्हाड’ विदर्भातील प्रदेशाचे नाव नसून लग्नाला निघालेल्या मंडळींचे आहे. मराठवाड्याच्या खेड्यातील माणसे लंडनमधील लग्नासाठी निघतात. एसटीपासून विमानापर्यंतच्या त्या प्रवासात जे घडते, ते प्रयोगाचे कथानक.

हा प्रयोग ज्या भूमीत उगवला, तिचा भाषिक इतिहास लक्षात घेतला पाहिजे. देशपांडे जन्मले तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि संस्थानातील विद्यापीठीय शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग बनला. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. म्हणजे देशपांड्यांच्या पिढीला मराठी ही घरातली भाषा होती. ती कार्यालयाची व उच्च शिक्षणाची भाषा होताना या पिढीने प्रत्यक्ष पाहिली. आणि ती तशी झाली तेव्हा तिचे प्रमाण रूप पुण्या-मुंबईकडून आले. ‘मी जायलो’, ‘काय करायलास’ असे बोलणाऱ्या माणसाला आधी उर्दूपुढे आणि नंतर प्रमाण मराठीपुढे संकोचावे लागले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने रस्ते, रेल्वे, नोकऱ्या यांचा अनुशेष चव्हाट्यावर आणला. बोलण्यातल्या संकोचाचा अनुशेष मात्र कोणत्याही मागणीपत्रकात मावणारा नव्हता.

३

ग्रामीण विनोद मराठी प्रेक्षकाला तोवर अपरिचित होता, असे नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने गावोगावचे श्रोते जिंकले होते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने आणि दादा कोंडके यांच्या अभिनयाने १९६० च्या दशकात लोकनाट्याला नवा नागर प्रेक्षक मिळवून दिला. परंतु या साऱ्यांतून मराठी कानावर ‘ग्रामीण’ म्हणून जे ठसले, ते प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्राचे बोलणे होते. मराठवाड्याच्या खेड्याला या ध्वनिचित्रात स्वतंत्र स्वर नव्हता.

एकपात्रीची परंपराही सिद्ध होती. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. तेथे पात्रांच्या गर्दीवर निवेदकाचा सुसंस्कृत, मिस्कील आवाज सतत छत्र धरून असतो. प्रेक्षक त्या निवेदकाशेजारी बसून चाळीकडे पाहतो. ‘वऱ्हाड’मध्ये बोली अवतरणचिन्हांत येत नाही. प्रयोगाचा पायाच ती आहे. किंबहुना प्रमाण मराठी तेथे पाहुणी म्हणून येते.

या प्रयोगात देशपांडे सुमारे तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा साकारीत. गिनीज बुकातील नोंदीमुळे हा आकडा इतका प्रसिद्ध झाला, की त्यामागील नाट्यतत्त्वाकडे दुर्लक्ष झाले. विक्रम ही क्रीडेची परिभाषा आहे. तिने नटाची दमछाक मोजता येते, कला नव्हे. खरे महत्त्व वेगळ्या गोष्टीला आहे. अनेक नटांच्या नाटकात विनोदी पात्राशेजारी एक ‘शहाणे’ पात्र उभे असते. ते प्रेक्षकांचा प्रतिनिधी असते आणि त्याच्या नजरेतूनच विनोदी माणूस विक्षिप्त ठरतो. एकपात्रीत ही सोय नाही. नट ज्या क्षणी रागावणाऱ्या म्हाताऱ्याचा देह धारण करतो, त्या क्षणी ज्याच्यावर तो रागावला आहे तो पोरगा दिसेनासा होतो. पुढच्या क्षणी पोरगा येतो आणि म्हातारा केवळ नटाच्या नजरेच्या रोखातून उरतो. वेष न बदलता आवाजाची पट्टी, मानेचा कल आणि चालीची लय एवढ्यावर हे चालते. परिणामी जो बोलतो तो त्या क्षणापुरता रंगमंचाचा एकमेव धनी असतो. एकपात्रीत दुय्यम पात्र शिल्लकच राहत नाही. नाट्यगृहाने ज्यांना नेहमी विंगेजवळ उभे केले, अशी माणसे येथे एकामागून एक मध्यभागी येतात.

बाख्तिनने कादंबरीच्या संदर्भात मांडलेली बहुस्वरतेची कल्पना येथे आठवते. परंतु तिचे देशी रूप शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला असलेल्या पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, मुका, महार असे समाजाच्या कडेचे आवाज त्यांनी प्रथमपुरुषी केले. भारुडातून ‘वऱ्हाड’ सरळ निघाले, असा दावा करण्याचे कारण नाही. एका देहाने अनेकांचा ‘मी’ उच्चारावा आणि त्यात श्रोत्याला काही विपरीत वाटू नये, ही रसिकतेची सवय या भूमीत जुनी आहे, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल.

४

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात मराठवाडी खेडूत विमानात गोंधळतो आणि प्रेक्षक खदखदून हसतो, तेव्हा तो कशाला हसतो? बर्गसाँच्या मते हास्य हे समाजाने केलेले शासन असते. जो अवघडून वागतो त्याला ते ताळ्यावर आणते. तसे असेल, तर ‘वऱ्हाड’ने मागास ठरविलेल्या प्रदेशाला पुन्हा एकदा हास्यास्पद केले, असे म्हणावे लागेल.

या आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही. हास्याची दिशा नट सुचवितो, पण ती अखेर प्रेक्षागृहात ठरते. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा प्रयोग मराठवाड्यातही तितक्याच प्रेमाने पाहिला गेला. आपल्या घरातले बोलणे तिकीट काढून, उजेडात, शेकडो लोकांसमवेत ऐकणे हा त्या प्रेक्षकाचा अनुभव नवा होता, आणि त्या हसण्यात ओळख पटल्याचा आनंद होता. दुसरी, लंडनला निघालेली ही माणसे परक्या जगापुढे आपली रीत टाकून देत नाहीत. मानपान, रुसवेफुगवे, आहेर हे सारे ती बरोबर घेऊन जातात. हास्य त्यांच्या अज्ञानातून उपजते, तितकेच त्यांच्या निःशंकतेतूनही उपजते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ज्या विद्यापीठात देशपांडे शिकवीत, त्याच्या नावावरून हे घडत होते. ‘वऱ्हाड’ ही कुटुंबाची आणि लग्नाची गोष्ट आहे. हा संघर्ष तिचा विषय नाही. विनोदाने प्रत्येक प्रश्नाला हात घातलाच पाहिजे, असे नाही. पण त्या वर्षांतील मराठवाड्याचे खेडे म्हणून एवढेच चित्र स्वीकारले, तर ते अपुरे ठरेल.

५

देशपांड्यांनंतर काय झाले, यावरून त्यांच्या कार्याचे मोल ठरवता येते. १९७३ मध्ये औरंगाबादेत जन्मलेले मकरंद अनासपुरे मराठवाडी उच्चारासह चित्रपटात आले आणि चरित्रभूमिकांवरून ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’ (२००९) सारख्या चित्रपटांत नायकाच्या जागेपर्यंत पोहोचले. नायकाने प्रमाण बोलावे, हा संकेत तेथे मोडला. मात्र त्याच काळात दूरचित्रवाणीने मराठवाडी हेल हा हशा मिळविण्याचा तयार शिक्का करून टाकला. हेल उचलला जातो, माणूस मागे राहतो. बोली मध्यभागी येणे आणि बोली विकली जाणे यांतील अंतर फार थोडे असते.

‘वऱ्हाड’ची संहिता आज उपलब्ध आहे आणि संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला आहे. दुसऱ्या नटाच्या देहात तो जगू शकतो, याचा अर्थ तो केवळ एका व्यक्तीची नकलेची करामत नव्हता. त्यात नाट्यरूप होते. मराठी नाट्येतिहासात लक्ष्मण देशपांडे यांची नोंद ५२ पात्रांचा विक्रमवीर म्हणून न होता, विनोदी नटाची कडेची जागाच रद्द करून दाखविणारा रंगकर्मी म्हणून व्हावी. त्यासाठी समीक्षेला आधी नटाचा उच्चार, त्याचा श्वास आणि त्याचा थांबा संहितेइतक्याच काळजीने वाचायला शिकावे लागेल.