लैंगिक हिंसाचार आणि पुनर्स्थापनात्मक न्यायाच्या मर्यादा

पुनर्स्थापनात्मक न्याय ही गुन्ह्याकडे केवळ राज्याविरुद्धचे कृत्य म्हणून न पाहता पीडित व्यक्तीची झालेली हानी म्हणून पाहणारी न्यायसंकल्पना आहे. पीडित, गुन्हेगार आणि समुदाय यांच्यातील संवाद, गुन्ह्याची कबुली व हानीची भरपाई हे तिचे मुख्य घटक होत. लैंगिक हिंसाचाराच्या प्रकरणांत मात्र ही पद्धत कितपत लागू करावी, याविषयी मतभेद आहेत.

गावपातळीवरील समेट

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांतील ग्रामसभांच्या कामासाठी ओळखला जातो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली. तीत दिवाणी व महसुली तंट्यांसह कायद्याने तडजोडयोग्य असलेले फौजदारी तंटे गावातच मिटवणे अपेक्षित होते. बलात्काराचा गुन्हा तडजोडयोग्य नसल्याने तो अशा समितीच्या कक्षेबाहेर राहतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) याच्या कलम १९ नुसार अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यामुळे असे प्रकरण गावात दडपणे हाच कलम २१ नुसार शिक्षापात्र गुन्हा ठरू शकतो.

मर्यादा

समेटासाठी दोन्ही पक्षांची मुक्त संमती आवश्यक असते. एकाच गावात राहणाऱ्या पीडितेवर कुटुंबाची प्रतिष्ठा, जात, जमीन व रोजगार यांचा दबाव असल्यास तिची संमती खरोखर मुक्त आहे का, हे ठरवणे कठीण होते. माफी मागणे व विवाहाचा प्रस्ताव ठेवणे ही शिक्षा टाळण्याची साधनेही बनू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य (२०१३) या खटल्यात तडजोड हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे म्हटले. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मदनलाल (२०१५) या निकालात बलात्काराच्या प्रकरणातील तडजोडीची कल्पनाच त्याज्य ठरवली.

कोपर्डी प्रकरण

जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. या घटनेनंतर राज्यभर मराठा क्रांती मोर्चे निघाले आणि आरक्षण व ॲट्रॉसिटी कायद्यातील बदल या मागण्याही पुढे आल्या. पीडिता हयात नसताना तिच्याशी संवाद अशक्य असतो, तर समुदाय जातीय तणावात सापडल्यास तो तटस्थ मध्यस्थ राहत नाही. या दोन्ही मर्यादा येथे दिसतात.

पर्यायी उपाय

स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल करारानेही (२०११) सक्तीची मध्यस्थी निषिद्ध ठरवली आहे. ऐकून घेतले जाणे, आर्थिक साहाय्य व समुपदेशन या पीडितेच्या गरजा मात्र केवळ शिक्षेने भागत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिचा लाभ आरोपीशी समेट करण्यावर अवलंबून नसतो. त्यामुळे पीडितेचे पुनर्वसन आणि आरोपीवरील खटला या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे चालू शकतात.