समलंब चौकोन आणि भास्कराचार्य

सावंतवाडीच्या आसमंतांत डोंगराच्या पायथ्याशीं भाताचे जे कुणगे दिसतात, त्यांत अगदीं काटकोनी असा क्वचितच आढळतो. एक बांध लांब, समोरचा आंखूड आणि बाजूचे तिरपे, अशीच पुष्कळांची ठेवण. समोरासमोरच्या दोन बाजू समांतर असल्या म्हणजे त्या आकृतीस समलंब चौकोन म्हणतात. तिचें क्षेत्र काढण्याची युक्ति आपल्या देशांत फार प्राचीन आहे.

आपस्तंबाच्या शुल्बसूत्रांत सोमयागाच्या महावेदीचें माप दिलें आहे. पश्चिमेची बाजू ३० पदें, पूर्वेची २४, आणि मधली लांबी ३६. एका अंगाचा त्रिकोण कापून तो उलटा दुसऱ्या अंगास जोडला कीं २७ पदें रुंदीचा आयत होतो, व क्षेत्र ९७२ येतें. समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यास लंबानें गुणावें, हा नियम आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें सूत्ररूपानें सांगितला.

पुढें घोंटाळा झाला तो चार बाजूंच्या हिशेबानें. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें असा नियम दिला कीं, चारी बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यांतून एकेक बाजू वजा करून चार बाक्यांचा गुणाकार करावा आणि त्याचें वर्गमूळ घ्यावें. नियम मोठा सुंदर. मात्र चौकोनाचे चारी कोपरे एका वर्तुळावर असतील तरच तो खरा. ही अट सूत्रांत स्पष्ट शब्दांनीं आलेली नाहीं.

भास्कराचार्यांनीं ११५० मधील ‘लीलावती’त या ठिकाणींच बोट ठेवलें. त्यांचें उदाहरण असें: भूमि १४, मुख ९, बाजू १३ व १२, लंबहि १२. जुन्या रीतीनें १९८०० चें वर्गमूळ, म्हणजे सुमारें १४०.७ येतें. वस्तुतः ९ रुंद व १२ उंच असा आयत १०८, आणि उरलेला त्रिकोण ३०, एकूण १३८. बांबूच्या चार कांबी टोकांशीं बांधून चौकट करावी आणि समोरचे दोन कोपरे दाबावे. बाजू त्याच राहतात, आंतली जागा मात्र घटते. म्हणून लंब किंवा कर्ण न सांगतां निश्चित क्षेत्र विचारणारा पिशाच होय, आणि उत्तर देणारा त्याहूनहि मोठा, असें आचार्य म्हणतात. पूर्वसूरींविषयीं आदर राखूनहि असें बोलण्यास धैर्य लागतें.

त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चंगदेव यानें मठ स्थापिला. चाळीसगांवानजीकच्या पाटण येथील तो शिलालेख विद्वानांपुढें आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे सावंतवाडीच्या शेजारच्या पेडणे महालांतील मांद्र्याचे.

पुढील काळांतील शंकुसांखळीच्या मोजणींतहि नुसते बांध मोजून भागत नसे. शेतांतून एक सरळ रेषा धरीत, कोपऱ्यांपासून तिच्यावर लंब काढीत, आणि दोन लंबांमधील प्रत्येक तुकडा समलंब चौकोन समजून, त्या दोहोंच्या बेरजेच्या निम्म्यास मधल्या अंतरानें गुणीत.