परक्यांसाठी रचलेला कोश

‘गिव्ह’ माहीत असतं, ‘अप’ही माहीत असतं, तरी ‘गिव्ह अप’ आलं की माझ्या वर्गातली मुलं अडतात आणि खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतात. मला ते बघवत नाही. मग मी त्यांना सॅम्युअल जॉन्सनबद्दल सांगते.

जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. क्रियापदाला छोटंसं अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परदेशी माणसाला तीच सर्वांत जड जाते, हे त्याने प्रस्तावनेतच मान्य केलंय. तिथल्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे. अर्थ दिलाय, नक्कल करणे! विमानाचं उड्डाण त्या शब्दांना पुढे कधीतरी चिकटलं. असे प्रयोग त्याने कसोशीने टिपले आणि यादी पुरी झालेली नाही हेही सांगून टाकलं. एवढ्या मोठ्या पंडिताने शिकणाऱ्याची अडचण खरी मानली, याचं मला फार मोल वाटतं.

जॉन्सनच्या आधीच्या ड्रायडन या लेखकाचं लक्ष मात्र लॅटिनकडे. वाक्याच्या शेवटी आलेली अव्ययं त्याला खटकली, म्हणून १६६८ चा स्वतःचाच निबंध १६८४ च्या आवृत्तीत त्याने दुरुस्त केला. ‘गिव्ह अप’सारख्या जोडक्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापून आलं ते थेट १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात.

शिकणाऱ्यांसाठी खरं काम झालं जपानात. ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये तिथे इंग्रजी शिकवायला गेला. समोरचे विद्यार्थी नेमके कुठे अडतात हे त्याला रोज दिसत होतं. गेटनबी आणि वेकफील्ड यांच्यासोबत त्याने शिकणाऱ्यांसाठीच कोश रचला आणि कुठल्या क्रियापदापुढे काय येतं याचे २५ साचे बसवले. १९४२ मध्ये, ब्रिटन आणि जपान एकमेकांशी लढत असताना, तो टोकियोत छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. आपल्याकडच्या मुलांच्या हाती असतो तो ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश याच वंशातला.

त्यात ‘पुट’ काढा. सुटे अर्थ संपले की ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’ ओळीने लागतात आणि कर्म कुठे बसवायचं तेही तिथेच कळतं. ‘पुट इट ऑफ’ चालतं, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही; ‘पुट अप विथ इट’मध्ये मात्र ‘इट’ शेवटीच हवं.