लहान गांवांचें विमान आणि त्याचा जमाखर्च

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, हें बाळकुमच्या शाळकरी पोरासही ठाऊक असतें. १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत पोंचली. परंतु ती कोणाच्या पैशाच्या भरंवशावर धांवली, हें फारसें सांगितलें जात नाहीं. १७ ऑगस्ट १८४९ च्या करारानें ईस्ट इंडिया कंपनीनें जी. आय. पी. रेल्वेच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी दिली होती. उतारू मिळोत वा न मिळोत, व्याज ठरलेलें. तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलांतून भरावयाची. लोहमार्ग झाला खरा, पण काटकसरीची निकड मात्र रेल्वे कंपनीस उरली नाहीं. नवा मार्ग स्वतःचा खर्च भागवीत नसेल, तर तूट कोणीं सोसावी आणि कोठवर? हाच प्रश्न पुढें विमानांच्या बाबतींत उभा राहिला.

त्याचें मर्म बाळकुमच्या नाक्यावरही दिसतें. तेथून ठाणें स्टेशनाकडे जाणाऱ्या बसमधील पुष्कळांना स्टेशनावर कांहींच काम नसतें. त्यांना दादर किंवा कल्याण गांठावयाचें असतें. आगगाडी नसती तर बसला इतके उतारू मिळाले नसते, आणि बस नसती तर आगगाडीचेही कांहीं कमी झाले असते. तेव्हां एकट्या बसचा जमाखर्च मांडून तिची उपयुक्तता ठरवितां येत नाहीं.

भारतांतील टपालविमानाचा आरंभ याच न्यायानें झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बल्लारीमार्गें मद्रासकडे नेलें. पहिल्या वर्षीं उतारू मिळाले अवघे १५५. तरी नफा झाला साठ हजार रुपये. याचें कारण कराचीस होतें. लंडनहून इम्पीरियल एअरवेजचें विमान तेथें टपाल घेऊन येई आणि टाटांचें विमान तें पुढें नेई. सरकारची हमी नव्हती; नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला मिळे. मोठ्या मार्गाचें काम लहान मार्गास मिळालें, म्हणून उतारूंवांचून निभावलें.

१९५३ सालीं आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्सची स्थापना झाली. पुढें १९८१ सालीं तिनें आणि एअर इंडियानें भागीदारींत ‘वायुदूत’ ही कंपनी काढली. लहान गांवें जोडणें हेंच तिचें काम होतें. परंतु विमान लहान झालें, तरी वैमानिकांचा, देखभालीचा व चढण्या-उतरण्याचा खर्च आसनांच्या प्रमाणांत कमी होत नाहीं. तोटा वाढला आणि १९९३ सालीं वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन करण्याचें ठरलें.

अमेरिकेंत १९६७ सालीं अ‍ॅलेघनी या कंपनीनें दुसरी वाट काढली. हॅगर्सटाउन ते बाल्टिमोर हा लहान मार्ग तिनें हेन्सन या छोट्या कंपनीकडे सोंपविला. विमान आणि वैमानिक हेन्सनचे, नांव अ‍ॅलेघनीचें. उतारू मोठ्या विमानाशीं जोडला गेला. अशा भागीदारींत भाड्याची वांटणी मात्र जपून करावी लागते. ती केवळ मैलांवर केली, तर दर मैलास अधिक खर्च सोसणारा लहान भागीदार बुडतो.

भारत सरकारनें २०१६ सालीं ‘उडान’ योजना काढली. २७ एप्रिल २०१७ रोजीं तिच्या आरंभींच्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. तासाभराच्या प्रवासास कांहीं आसनांचें भाडें अडीच हजार रुपयांपर्यंत बांधून दिलें आणि तूट तीन वर्षें भरून देण्याचें ठरलें. त्यासाठीं मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी बसविली. महाराष्ट्रासारख्या राज्यानें शेंकडा वीस वांटा उचलावयाचा होता. महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकीं ३७१ सुरू झाले, ११२ नीं तीन वर्षें पुरीं केलीं, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकले ते अवघे ५४.

कोंकणास याचा अनुभव आला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सिंधुदुर्गांतील चिपी विमानतळ उघडला आणि मुंबईचें विमान सुरू झालें. तीन वर्षांची मुदत संपतांच, ऑक्टोबर २०२४ मध्यें, तें थांबलें. मालवणहून आजारी आईस मुंबईच्या इस्पितळांत आणूं पाहणाऱ्या मुलास पुन्हां रात्रभराचा प्रवास आला.

तीन वर्षांच्या मदतीनें विमान उडतें. गिऱ्हाईक जोडावयास त्याहून अधिक लागतें. मुंबईस सोईच्या वेळीं उतरण्याची मुभा, पुढील विमानाशीं मेळ, दोहोंस मिळून एक तिकीट आणि भाड्याची न्याय्य वांटणी, एवढें करारांत आरंभींच लिहून घेतलें पाहिजे. तसें न झाल्यास सरकारी पैसा मुदतीपुरता खर्च होतो, आणि बांधलेली धांवपट्टी मागें ओस पडते.