खैराचं रान आणि गोठलेली जमीन

मंडळी, खैर हे कोरड्या जमिनीवरचं झाड. 1870च्या दशकात आपल्या मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराचं अख्खं रान निघालं. 382 झाडं मोजली, त्यांतली 223 जागच्या जागी उभी! जमीन खचून ती बुडाली, असं मानतात. आपल्याला मात्र दुसराच प्रश्न पडायला हवा. ती कुजली कशी नाहीत? तर चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकडातला कार्बन तिथेच अडकून राहिला.

सायबेरियात हेच काम थंडी करते. हिमयुगातलं गवत, मुळं तिथल्या मातीत गोठून पडली आहेत. पर्माफ्रॉस्ट म्हणतात ती ही जमीन. ती वितळली की जिवाणू कामाला लागतात आणि साठलेला कार्बन हवेत जातो.

असं पूर्वी घडलं का? सुमारे 14,600 वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध झपाट्याने तापला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात, की दोनेक शतकांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांमागे 10 ते 15 भागांनी वाढला. आता नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात ते ठीक. पण जळतंय ते लाकूड ताजं की जुनं, हे धूर सांगेल का? इथे सांगतो. सजीव मेला की त्यातला कार्बन-14 घटत जातो. त्या काळी हवेतलंही कार्बन-14चं प्रमाण उतरलं, म्हणजे मिसळलेला कार्बन फार जुना होता. पेटर क्योलर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये बोट दाखवलं ते पर्माफ्रॉस्टकडे. पूर्वपक्ष आहेच, की खोल समुद्रातला कार्बनही जुनाच असतो. हिमयुग संपतानाच्या एकूण वाढीत मोठा वाटा समुद्राचा, हे आम्हांलाही मान्य. पण या एका उसळीत गोठलेल्या जमिनीचा हात असावा, असं आमचं मत.

आज त्या जमिनीत साधारण 1,500 अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या दीडपटीहून जास्त. आणि आपण बसलोय कुठे? शीव म्हणजे हद्द, मुंबई बेट आणि साष्टी यांमधली. खाडी बुजवून ती आपणच पुसली. तिवरांखालचा चिखल उकरला, सुकवला, की त्यातलाही कार्बन असाच सुटतो. तिथे निदान कुदळ आपल्या हातात असते, थांबवता येते. सायबेरियात एकदा वितळायला लागलं की कुणाला थांब म्हणणार?

चला, प्रश्न घेऊ.